देवत्व, घर आणि हसू : 'कामिसामा हाजिमेमाशिता' या जपानी चित्रकथेचा परिचयात्मक अभ्यास

बीजशब्द : शोजो मांगा, अद्भुतरम्य प्रेमकथा, शिंतो देवस्थाने, मानवेतर विवाहकथा, विनोद, संमती

प्रस्तावना

साहित्याच्या अध्यापनात गंभीर वाङ्मय आणि रंजनपर वाङ्मय अशी विभागणी रूढ आहे. या विभागणीत मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथांचे स्थान बहुधा सर्वांत खालचे असते. त्यांत देवदेवता, पिशाच्चे आणि विनोद यांची भर पडली, की असे लेखन वय वाढताच आपोआप सुटणारे म्हणून बाजूला ठेवले जाते. जपानी चित्रकथांच्या, म्हणजेच मांगाच्या, क्षेत्रात मात्र अशा कथांची एक दीर्घ परंपरा आहे. ती मुख्यतः स्त्रियांनी मुलींसाठी घडविलेली आहे आणि तिच्या वाचकांतूनच तिच्या पुढील लेखिका निर्माण झालेल्या आहेत.

या परंपरेतील एक लोकप्रिय कृती म्हणजे ज्युलिएटा सुझुकी यांची 'कामिसामा हाजिमेमाशिता' ही चित्रकथा होय. हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'हाना तो युमे' या नियतकालिकात ती २००८ ते २०१६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे २५ खंडांत संकलित झाली. २०१२ आणि २०१५ मध्ये आकितारो दाइची यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर आधारित दोन चलच्चित्रमालिका आल्या. २०१० पासून तिचे इंग्रजी भाषांतर 'कामिसामा किस' या नावाने निघाले. हलकेफुलके लेखन गंभीर प्रश्न पेलू शकते काय, आणि पेलत असल्यास कोणत्या साधनांनी, हे या कृतीच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोजो मांगा : संज्ञा व परंपरा

जपानमध्ये मांगाचे वर्गीकरण प्रामुख्याने विषयावरून न होता वाचकवर्गावरून होते. किशोरवयीन मुलांसाठी 'शोनेन' आणि किशोरवयीन मुलींसाठी 'शोजो' अशी नियतकालिकेच स्वतंत्र असतात. त्यामुळे 'शोजो मांगा' या संज्ञेत विज्ञानकथा, इतिहासकथा, क्रीडाकथा असे सर्व प्रकार सामावू शकतात. मुलींच्या दृष्टिकोनातून व त्यांच्या भावजीवनाला केंद्रस्थानी ठेवून केलेले कथन हा या सर्वांना जोडणारा धागा होय.

मुलींच्या चित्रकथेत अद्भुताचा प्रवेश फार पूर्वीचा आहे. ओसामू तेझुका यांची 'रिबोन नो किशी' ही १९५३ मध्ये सुरू झालेली कथा मुलाचे व मुलीचे अशी दोन हृदये लाभलेल्या राजकन्येची आहे. १९६६ मध्ये मित्सुतेरु योकोयामा यांची जादूगार मुलगी साली अवतरली. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा आदी लेखिकांच्या पिढीने या प्रकाराचा कायापालट केला. हागिओ यांनी 'पो नो इचिझोकु' या कथेत चिरतरुण रक्तपिपासूंच्या आधारे काळ व मृत्यू यांचा विचार मांडला. 'हाना तो युमे' हे नियतकालिक याच दशकात, १९७४ मध्ये सुरू झाले. पुढे नात्सुकी ताकाया यांची 'फ्रुट्स बास्केट' (१९९८ ते २००६) ही कथा तेथेच गाजली. तिच्यात शापामुळे प्राण्यांची रूपे घेणारे कुटुंब आणि त्यांच्या घरी आश्रयाला आलेली अनाथ मुलगी आहे. 'कामिसामा हाजिमेमाशिता' याच परंपरेची वारसदार आहे.

कथानकाचा गाभा

नानामी मोमोझोनो ही माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात शिकणारी मुलगी. तिचे वडील जुगारात कर्जबाजारी होऊन घर सोडून पळून जातात आणि सावकारांची माणसे तिला घराबाहेर काढतात. एका उद्यानात तिला मिकागे नावाचा गृहस्थ भेटतो. कुत्र्याच्या भीतीने तो झाडावर चढून बसलेला असतो. नानामी त्याला सोडवते. तिची कहाणी ऐकून तो आपले रिकामे घर तिला देऊ करतो आणि तिच्या कपाळाचे चुंबन घेऊन निघून जातो.

ते घर म्हणजे एक मोडकळीस आलेले देवस्थान निघते. मिकागे हा तेथील भूमिदेव असून त्याने वीस वर्षांपूर्वी आपले स्थान सोडलेले असते. कपाळावरील चुंबनाने ते देवपद नानामीकडे आलेले असते. तेथे ओनिकिरी व कोतेत्सु हे दोन लहानखुरे आत्मे राहतात, आणि त्यांच्यासह राहतो तोमोए हा कोल्हा. मनुष्यरूप धारण करणारा, देखणा, खवचट असा हा सेवक वीस वर्षे स्वामीची वाट पाहत असतो. स्वामीऐवजी शाळकरी मुलगी आलेली पाहून तो संतापतो आणि निघून जातो. त्याच्या शोधात नानामी अमानवी जगात शिरते, संकटात सापडते, आणि त्याचे चुंबन घेऊन त्याला आपला सेवक करून घेते. सेवकत्वाचा करार चुंबनाने होतो असा त्या जगाचा नियम आहे. त्यानंतर तिने उच्चारलेली आज्ञा त्याला पाळावीच लागते.

येथून पुढे नानामी देवपद शिकत जाते. तिच्या भोवती तेंगु कुळातील असूनही गायक म्हणून प्रसिद्धी पावलेला कुरामा, पांढऱ्या सर्पाच्या रूपातील मिझुकी अशी पात्रे गोळा होतात, आणि तोमोएविषयी तिच्या मनात प्रेम निर्माण होते.

शीर्षकाचा अर्थ : देवपद हे काम

मूळ जपानी शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'देव होण्यास प्रारंभ केला आहे' असा होतो. यातील गंमत वाक्यरचनेत आहे. उन्हाळा लागला, की जपानी उपाहारगृहांच्या दारांवर थंड शेवयांची विक्री सुरू झाल्याच्या पाट्या लागतात. त्या पाट्यांवर हेच क्रियापद असते. देवपदासारखी भव्य गोष्ट या बेताच्या, व्यवहारी भाषेत सांगितल्यामुळे प्रारंभीच हसू उमटते. त्याबरोबरच कथेचा दृष्टिकोनही स्पष्ट होतो. देव असणे ही नानामीला मिळालेली प्रतिष्ठा नाही. ते तिने स्वीकारलेले काम आहे. आवार झाडणे, पडझड सावरणे, येणाऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकणे आणि शक्तीचा सराव करणे हा तिचा दिनक्रम होतो.

इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात 'प्रारंभ' हा शब्द नाहीसा झाला आणि त्याच्या जागी 'चुंबन' आले. प्रेमकथेच्या बाजारपेठेच्या दृष्टीने हा बदल सोयीचा असला, तरी त्यामुळे कथेचा जोर दुसरीकडे सरकतो. मूळ शीर्षकात कर्ता मुलगी आहे आणि तिने काहीतरी सुरू केले आहे. नव्या शीर्षकात ती प्रेमप्रसंगाचा केवळ एक भाग उरते.

नानामीला लाभलेली शक्तीही लक्षणीय आहे. कोऱ्या कागदी पट्टीवर ती जे लिहील, ते तिच्या सामर्थ्याच्या मर्यादेत खरे होते, आणि सेवकाला दिलेली तिची आज्ञा बंधनकारक ठरते. शब्दात शक्ती वसते या 'कोतोदामा' नामक समजुतीचा उल्लेख आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात आढळतो. कथेच्या प्रारंभी जिचा शब्द कोणीही विचारात घेतला नाही, जिला विचारल्यावाचून घराबाहेर काढण्यात आले, त्याच मुलीचा शब्द आता परिणामकारक ठरतो. अद्भुताचे प्रयोजन येथे उघड होते.

ओस पडलेले देवस्थान

कथेतील धार्मिक वातावरण समजून घेण्यासाठी जपानी 'कामी' या संकल्पनेची ओळख आवश्यक आहे. कामी हा सर्वव्यापी, सर्वशक्तिमान ईश्वर नव्हे. तो डोंगराचा, झऱ्याचा, वृक्षाचा, वंशाचा वा विशिष्ट भूमीचा असतो. मराठी वाचकाला क्षेत्रपाल व ग्रामदैवत या कल्पनांवरून भूमिदेवाचा अर्थ सहज उमगेल. कामी आणि त्याचे उपासक यांचे नाते परस्परावलंबी मानले जाते.

जपानमध्ये आज सुमारे ८० हजार शिंतो देवस्थाने आहेत. परंतु त्यांतील अनेकांना स्वतंत्र पुजारी नाही. एकच पुजारी अनेक देवस्थाने सांभाळतो. यामागे ग्रामीण भागातील घटती लोकसंख्या हे कारण आहे, तसेच इतिहासही आहे. १९०६ मध्ये शासनाने लहान देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करण्याचे धोरण स्वीकारले आणि पुढील काही वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थाने नाहीशी झाली. निसर्गशास्त्रज्ञ व लोकसंस्कृतीचे अभ्यासक कुमागुसू मिनाकाता यांनी या धोरणास कडाडून विरोध केला. देवस्थानाबरोबर त्याभोवतीची देवराई आणि गावाचा एकोपाही नष्ट होतो, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता.

सुझुकी यांच्या कथेत या इतिहासाची चर्चा नाही. तिची छाया मात्र आहे. मिझुकीचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. तो ज्या योनोमोरी देवस्थानाचा सेवक आहे, ते धरणाच्या पाण्याखाली गेलेले आहे. उपासक उरले नाहीत, म्हणून तेथील देवताही लोप पावली. हा सेवक मात्र कोणीही नसलेल्या त्या जागी एकटाच राहिला. एकाकीपणा असह्य होऊन तो नानामीला पळवून नेतो आणि तिने तेथेच राहावे असा हट्ट धरतो. हा प्रसंग विनोदी ढंगाने रंगविलेला असला, तरी त्याच्या मुळाशी विस्थापनाचे दुःख आहे. घर हरवलेली मुलगी आणि माणसे हरवलेले देव एकमेकांना भेटतात, ही कथेची मूळ कल्पना होय. नानामीला घराची गरज आहे आणि घराला कोणीतरी राहणारे हवे आहे.

मिकागे देवस्थान हे विवाहबंध जुळविणारे आहे. जपानी परंपरेत या कार्याचा संबंध इझुमोच्या देवस्थानाशी जोडला जातो. चांद्र पंचांगातील दहाव्या महिन्यात सर्व देव इझुमोला जमतात, म्हणून इतरत्र त्या महिन्यास 'देवांवाचूनचा महिना' आणि इझुमोत 'देव असलेला महिना' म्हणतात. या संमेलनाला नानामीही जाते. प्राचीन समजुतीचा असा उपयोग कथेत अनेकदा होतो. पार्श्वभूमी म्हणून ती केवळ सजावटीपुरती उरत नाही. कथानकाला ती पुढे नेते.

कोल्ह्याची लोककथा आणि तिची उलटापालट

कोल्हा, म्हणजे 'कित्सुने', हा जपानी लोकविश्वासात रूप बदलणारा प्राणी मानला जातो. धान्य व समृद्धीची देवता इनारी हिचा दूत म्हणूनही त्याला मान आहे. येथे भारताशी असलेला एक संबंध नमूद करण्याजोगा आहे. संस्कृत 'डाकिनी' ही कल्पना तांत्रिक बौद्ध परंपरेतून जपानला पोहोचली आणि 'दाकिनितेन' या देवतेच्या रूपात पांढऱ्या कोल्ह्यावर आरूढ झाली. तिचा इनारीच्या उपासनेशी संगम झाला. आइची प्रांतातील 'तोयोकावा इनारी' या नावाने प्रसिद्ध असलेले स्थान वस्तुतः झेन पंथाचे मंदिर असून तेथे दाकिनितेनचीच उपासना होते.

मनुष्य व मानवेतर जीव यांच्या विवाहाच्या कथा जपानी लोकसाहित्यात विपुल आहेत. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'निहोन र्योइकी' या बौद्ध कथासंग्रहात मिनो प्रांतातील एका पुरुषाची व त्याच्या कोल्हीण पत्नीची कथा आहे. कुझुनोहा या कोल्हिणीची कथाही प्रसिद्ध आहे. ती आबे नो सेइमेई या ख्यातनाम ज्योतिर्विदाची आई मानली जाते. या कथांचा साचा बहुधा एकच असतो : पुरुष मानव, स्त्री कोल्हीण, ती घर सांभाळते, अपत्य जन्माला घालते, आणि तिचे खरे रूप उघड होताच तिला निघून जावे लागते.

सुझुकी यांनी हा साचा उलटविला आहे. येथे कोल्हा पुरुष आहे आणि मानव स्त्री आहे. कोल्ह्याचे रूप प्रारंभापासून उघड आहे, त्यामुळे रहस्यस्फोटाने होणारी ताटातूट संभवत नाही. स्वयंपाकपाणी व घरकाम कोल्हाच करतो. दूर निघून जावे लागेल या भीतीऐवजी येथे एकत्र कसे राहावे हा प्रश्न आहे. मुलांच्या चित्रकथेतील उदाहरण ठेवल्यास हा फरक अधिक स्पष्ट होईल. रुमिको ताकाहाशी यांच्या १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'उरुसेई यात्सुरा' या कथेत परग्रहावरील अद्भुत मुलगी एका सामान्य मुलाच्या घरात येऊन राहते. तेथे मुलाच्या जगात अद्भुत येते. येथे मुलगीच अद्भुताच्या घरात जाते आणि त्या घराची धनीण होते.

विनोद आणि चित्रभाषा

या कथेचा हलकेपणा केवळ संवादांत नाही. तो रेखाटनातही आहे. शोजो मांगामध्ये चौकटींच्या कडा अनेकदा पुसल्या जातात, पात्राचे मनोगत संवादफुग्याबाहेर मोकळे तरंगते आणि भावनेनुसार पार्श्वभूमीला फुले वा प्रकाशबिंदू उमटतात. कालक्रमाऐवजी मनःस्थितीला अनुसरून पानाची मांडणी होते. विनोदी क्षणी तीच पात्रे एकाएकी मोठ्या डोक्याची, बुटकी, बाहुलीसारखी रेखाटली जातात. या शैलीस 'चिबी' म्हणतात. एका चौकटीत लांब केसांचा, भव्य पोशाखातील तोमोए दिसतो, आणि पुढच्याच चौकटीत तो चिडलेल्या लहान मुलासारखा दिसतो.

या बदलाचे कार्य दुहेरी आहे. एक तर भय आणि आकर्षण यांचा ताण त्यामुळे वेळोवेळी सैल होतो. दुसरे असे, की शेकडो वर्षे जगलेला, पूर्वायुष्यात रक्तपात केलेला पुरुष आणि शाळकरी मुलगी यांच्यातील शक्तीचे अंतर चित्रातच कमी केले जाते. जो हास्यास्पद दिसू शकतो, त्याच्याशी भांडता येते. नानामी तोमोएशी सतत भांडते, आणि हे भांडण म्हणजेच त्यांच्या समानतेची पहिली पायरी होय.

करार आणि संमती : कृतीच्या मर्यादा

चुंबनाने करार होतो ही कल्पना गमतीची असली, तरी ती निर्दोष नाही. पहिल्या करारात तोमोएची संमती नसते. नानामी संकटातून सुटण्यासाठी ते चुंबन घेते. मिझुकी तर नानामीच्या संमतीवाचूनच तिला आपल्या देवस्थानात अडकवून ठेवतो. मालक व सेवक असे नाते प्रेमात परिणत होत असताना आज्ञा कोठे संपते आणि इच्छा कोठे सुरू होते, हे स्पष्ट राहत नाही. प्रसंग विनोदात गुंडाळल्यामुळे वाचक हा प्रश्न विसरून जाण्याचा धोका आहे, आणि या प्रकारच्या कथांवर तो आक्षेप रास्तपणे घेता येतो.

तथापि कथा या प्रश्नाबाबत पूर्णतः बेसावध नाही. पुढे नारुकामी ही गर्जनेची देवता नानामीचे देवचिन्ह हिरावून घेते, तेव्हा करार तुटतो आणि तोमोए मोकळा होतो. स्वतंत्र झाल्यावर तो पुन्हा नानामीचाच सेवक होणे पत्करतो. पहिला करार युक्तीने झालेला असतो. दुसरा निवडीने होतो. दोन करारांतील हे अंतर अध्यापनाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे, कारण संमती या विषयावरील चर्चा कथेतील प्रसंगांच्या तुलनेतूनच सुरू करता येते.

मर्त्यतेचा प्रश्न

नानामीच्या देवपदाच्या प्रारंभीच एक तळ्यातील राजकन्या तिच्याकडे येते. ती मूळची मत्स्यरूपी असून एका मानवी मुलावर तिचे प्रेम असते. मनुष्य व अमानवी जीव यांचे प्रेम निषिद्ध आहे, असे सांगून तोमोए विरोध करतो. नानामी मात्र तिला साहाय्य करते. वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रसंगात पुढील संपूर्ण कथेचा पेच सूचित झालेला आहे. कोल्हा शतकानुशतके जगतो, माणसाचे आयुष्य काही दशकांचे असते. तोमोएचा विरोध तत्त्वापेक्षा भीतीतून आलेला आहे, हे वाचकाला हळूहळू कळते.

सुमारे पाचशे वर्षांपूर्वी एका मानवी स्त्रीसाठी माणूस होण्याच्या इच्छेने त्याने एका पतित देवाशी करार केलेला असतो, आणि तो करार शाप ठरलेला असतो. नानामी भूतकाळात जाऊन या गाठीचा उलगडा करते. तोमोएचा जुना साथीदार आकुराओ हा या कथेचा खलनायक. त्याचा आत्मा एका मृत मानवी मुलाच्या देहात वास करतो आणि त्या देहामुळे वेदना व माया यांची त्याला प्रथमच ओळख होते. बलवान अमर जीवाला दुर्बल मर्त्य देहातच काहीतरी मौल्यवान गवसते, या विचाराची ही दुसरी आवृत्ती आहे.

कथेचा शेवट या विचाराशी सुसंगत आहे. मुलीला अमर करून प्रेमिकांचे मीलन घडवून आणणे सोपे होते. सुझुकी यांनी तसे केलेले नाही. येथे तोमोए मनुष्य होतो आणि दोघे विवाह करतात. अद्भुताच्या घरातून सुरू झालेला प्रवास मर्यादित आयुष्याच्या स्वीकारापर्यंत येतो. ज्या मुलीला घर नव्हते, तिला अखेरीस घर मिळते. परंतु ते कायमचे नाही हे जाणूनच ती ते स्वीकारते.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी लक्षात येतात.

१. 'कामिसामा हाजिमेमाशिता' मधील अद्भुत हे वास्तवापासून पळ काढण्याचे साधन नाही. बेघर होणे, एकाकीपणा आणि विस्मरण या अनुभवांना ते हाताळण्याजोगे रूप देते.

२. कोल्हीण पत्नीच्या जुन्या साच्याची उलटापालट करून ही कथा मुलीला आश्रिताच्या स्थानावरून घराच्या व शब्दाच्या स्वामित्वाकडे नेते.

३. विनोद व चित्रशैली यांमुळे असमान शक्तीच्या दोन व्यक्तींमध्ये संवाद शक्य होतो. मात्र त्याच विनोदामुळे संमतीचा प्रश्न झाकला जाण्याचा धोकाही निर्माण होतो.

४. देव आणि उपासक, कोल्हा आणि मुलगी, घर आणि त्यात राहणारे यांचे परस्परावलंबन हे या कथेचे मध्यवर्ती सूत्र होय.

इंग्रजी भाषांतरे आणि चलच्चित्रमालिका यांच्याद्वारे अशा कथा भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत आहेत. विद्यार्थिनीच्या हातातील अशा पुस्तकाबद्दल 'हे कशाला वाचतेस' असे विचारण्याऐवजी 'यातल्या मुलीला काय हवे आहे' असे विचारल्यास लोककथा, धर्मसंस्कृती, चित्रभाषा आणि स्त्रीजीवन या चारही विषयांवर वर्गात चर्चा होऊ शकेल.